काटामारी

ऊसतोड झाली, ट्रॉली भरली की आमचे आण्णा ट्रॅक्टर थेट कारखान्याकडं जाऊ द्यायचे नाहीत. वाटेत एक खासगी वजनकाटा होता, तिथं थांबायचं, पैसे देऊन भरल्या ट्रॉलीचं वजन करायचं आणि चिठ्ठी बंडीच्या आतल्या खिशात ठेवायची. मग कारखान्याचा काटा, तिथली चिठ्ठी बाहेरच्या खिशात. रात्री घरी आले की पायावर पाणी घ्यायच्या आधी दोन्ही चिठ्ठ्या बल्बखाली शेजारी शेजारी धरून बघायचे. बोलायचे काहीच नाहीत. आई त्यांच्या तोंडाकडंही बघायची नाही, चिठ्ठ्यांची घडी कशी घातली यावरून तिला कळायचं आज किती गेलं ते.

ऊसपट्ट्यातल्या वाचकांना काटामारी काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, शेतकऱ्याच्या उसाचं वजन काट्यावर कमी दाखवायचं, म्हणजे काटामारी. खेपेला थोडंसंच, एवढंसं की त्याच्यासाठी भांडत बसलं तर पुढची तोड लांबते आणि ऊस रानात वाळतो. आमच्या भागात यावर आंदोलनं झालीत, वजनंमापं तपासणाऱ्या वैधमापनवाल्यांची भरारी पथकं फिरतात, काटे आता इलेक्ट्रॉनिक आलेत, तरी गावात कुणालाही विचारा, संशय काही जात नाही.

मी आठवी-नववीत असताना आण्णांना विचारलं होतं, तुम्ही भांडत का नाही. ते म्हणाले, "भांडू कुणासंगं? काट्यावर बसल्यालं पोरगं आपल्याच गावचं. त्येला इचारलं तर त्यो देवाची शपथ घेऊन सांगतोय, काटा बरोबर हाय म्हणून. आनि त्येला खरंच तसं वाटतंय."

हे मी पुढं बरीच वर्षं विसरून गेले. परत आठवलं ते थेट ऑफिसात, रात्री साडेअकराला. त्याच्याआधी बाकीचं सांगते.

मी २००८ पासून कोल्हापुरात बातमीदार आहे. चार लोकसभा झाल्या, चार विधानसभा झाल्या, २०२२ ची कोल्हापूर उत्तर विधानसभेची पोटनिवडणूक झाली, आणि दूध संघ, कारखाने, बँका, बाजार समित्या यांची तर मोजदादच नाही. निवडणूक नाही असा महिना आमच्याकडं शोधावा लागतो. गल्लीतल्या तालमीचीसुद्धा कमिटी निवडायची तर पॅनेल पडतं आणि पॅनेल पडलं की ईर्ष्या आलीच. आमच्या गावात सोसायटीला दोन सख्खे भाऊ समोरासमोर उभे राहिले होते आणि त्यांची म्हातारी आई सकाळी एकाच्या प्रचाराला जायची, संध्याकाळी दुसऱ्याच्या. दोन्हीकडं चहा घ्यायची.

अशा गावात बातमीदाराला एकच प्रश्न विचारतात, "वारं कुणाचं हाय?" भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, दातांच्या डॉक्टरनं तर माझ्या तोंडात मशीन घातल्यावर विचारलं होतं, आता मी काय बोलणार. या प्रश्नात खोट काही नाही, पावसाबद्दल विचारावं तसं विचारतात. पण गेल्या काही वर्षांत प्रश्न बदललाय. मागं नणंदेच्या पोरीच्या साखरपुड्यात पंगतीला बसले होते, शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?" मी म्हटलं, मुलीकडची. ते म्हणाले, "तसं नव्हं, पेपरात लिहितासा न्हवं, कुणाकडनं लिहितासा?" पुढ्यात तांबडा रस्सा, हातात भाकरीचा तुकडा, आणि माझ्याकडं उत्तर नाही. मी म्हटलं कुणाकडनंच नाही. त्यांनी असं बघितलं जसं काही मी पगार लपवायलीय.

कोल्हापूरला दोन तट नवीन नाहीत. आम्ही त्यातच वाढलो. हा या गटाचा, तो त्या गटाचा, गटाची दुधाची डेअरी वेगळी, पतसंस्था वेगळी, गणपती वेगळा. २०१९ च्या लोकसभेला प्रचारातले 'आमचं ठरलंय' हे दोन शब्द भिंतीभिंतीवर होते आणि कुणी ठरवलंय, काय ठरवलंय हे एकालाही विचारायला लागलं नाही. तेव्हाही मारामाऱ्या व्हायच्या, डोकी फुटायची, बातमीदारांना दम मिळायचे, त्या दिवसांचं गोडवं गायला मी काही बसलेली नाही. पण गट बदलता यायचा. काल इकडं असलेला माणूस आज तिकडच्या स्टेजवर हार घालून बसायचा, आम्ही हसून बातमी करायचो. आता जी फूट पडलीय ती जन्माच्या दाखल्यावरनं पडलीय. माणूस कुठला, आडनाव काय, सण कुठला करतो. यातनं इकडचा तिकडं जाणार कसा?

गंमत बघा, पेपरची भाषा मात्र तीच राहिली. दूध संघावरनं वाद झाला तरी 'दोन गटांत' आणि धर्मावरनं झाला तरी 'दोन गटांत'. २०२३ च्या ७ जूनला इथं जे झालं ते बहुतेकांना आठवत असेल. कुणाकुणाच्या मोबाइल स्टेटसवरनं पेटलं, बंदची हाक, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, मग इंटरनेट बंद. त्या दिवशी मी जिथं उभी होते तिथनं मला एक जमाव दिसत होता आणि त्याच्यासमोर पोलीस. ऑफिसात आले तर डेस्कवर कॉपी तयार, 'दोन गटांत तणाव'. मी म्हटलं दुसरा गट कुठं होता? डेस्कवरचे सीनियर म्हणाले, "अगं, एक गट लिहिलं तर कुठला ते लिहायला लागंल." बरोबरच होतं त्यांचं, आणि चूकही तेवढंच. काचा फुटल्या त्या दुकानदाराचं नाव छापलं की धर्म कळतो आणि उद्या परत पेटायची भीती, नाही छापलं तर सोसलं कुणी हेच बातमीतनं गायब. शेवटी 'विशिष्ट समाज' असं लिहिलं. विशिष्ट समाज म्हणजे कोण हे ज्याला कळत नाही असा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात सापडायचा नाही, पण आम्हाला मात्र लिहिताना वाटतं आपण फार जबाबदारीनं झाकलंय.

मथळ्यात साधा एक शब्द कुठला वापरायचा यावरनंसुद्धा तास तास जातो. २०२४ च्या लोकसभेला कोल्हापुरातनं काँग्रेसकडनं शाहू छत्रपती उभे होते आणि समोर शिंदे सेनेचे संजय मंडलिक. आता कोल्हापुरात त्यांना महाराज म्हणायची सवय, घरात, रस्त्यावर, सगळीकडं. पण ते उमेदवार झाल्यावर काय लिहायचं? एका ओळीत 'महाराज' आणि दुसऱ्या ओळीत नुसतंच 'मंडलिक' असं लावलं तर अर्धा निकाल मथळ्यातच लागला. आणि नाही लावलं महाराज, तर सकाळी सातपासून फोन, तुम्हाला गादीचा मान नाही काय. प्रचारात त्यांच्या दत्तक असण्यानसण्यावरनंही वाद झाला, तेव्हा तर प्रत्येक विशेषणाला वजन आलं. मी स्वतः डेस्कवर भांडले की उमेदवाराला उमेदवारासारखं लिहा, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या सभेत प्रश्न विचारायला उभी राहिले तेव्हा तोंडातनं पहिला शब्द निघाला तो "महाराज" हाच. ७ मेला मतदान झालं, सत्तरीच्या पुढं टक्का गेला, दीड लाखांवर मतांनी ते निवडून आले. आमच्या मथळ्यानं त्यात काडीचा फरक पडला नसणार हे मलाही कळतंय.

पैशाचं थोडक्यात उरकते कारण त्यावर सगळेच बोलतात. २००९ च्या निवडणुकीनंतर पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, गवगवा झाला, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं २०१० मध्ये अहवाल दिला, तो पूर्ण लोकांसमोर यायला २०११ उजाडलं. आता जिल्ह्याजिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण आणि संनियंत्रण समिती असते, संशयित बातमी दिसली की तिची किंमत जाहिरातीच्या दरानं काढून उमेदवाराच्या खर्चात धरायची तरतूद आहे, आणि खर्चाची मर्यादा लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. कागदावर चोख आहे. पण आमच्या एका तालुका वार्ताहराची वही मी बघितलीय. पुढच्या बाजूनं बातम्यांची टिपणं, उलटी केली की मागच्या बाजूनं जाहिरातींचा हिशोब. कुणाची पानभर, कुणाची वाढदिवसाची, कुणाकडनं येणं बाकी. एकाच माणसाचं नाव दोन्ही बाजूंनी. त्याला पगार जवळजवळ नाहीच, घर चालतं ते मागच्या बाजूवर. त्याला नैतिकता शिकवायला जायचं तर पुण्या-मुंबईत पगारावर बसलेल्यानं तरी जाऊ नये.

आणि खरं सांगू का, पाकीट ओळखू येतं. कुणीतरी देतंय, तुम्ही घेताय नाहीतर नाही घेत. मी घेत नाही, एवढ्यावर बरीच वर्षं मी स्वतःला स्वच्छ समजत होते.

तर ती साडेअकराची रात्र.

निवडणूक कुठली, तालुका कुठला ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. दोन बाजू होत्या. एक बाजू मला मनातनं नको होती, त्यांची भाषा मला आवडत नाही, त्यांच्या सभेतनं बाहेर पडले की डोकं दुखतं. दुसरी बाजू काही फार थोर नव्हती पण मला वाटायचं निदान ही माणसं माणसांना माणसं म्हणतात. आता बातमीदारानं मत ठेवू नये वगैरे म्हणतात, ते सोडा, मत सगळ्यांनाच असतं, मीही मतदान करते.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात नकोशा बाजूच्या माणसांना एका अपार्टमेंटखाली रोखलं. रोखणारा विरोधी कार्यकर्ता, त्याच्या मोबाइलवर अकरा सेकंदांचा व्हिडिओ, त्यात एक बॅग दिसते आणि आरडाओरडा ऐकू येतो. बॅगेत काय ते दिसत नाही. मी तिघांना फोन लावले, एकानं उचलला, तो त्याच बाजूचा. बातमी लागली तीन कॉलम, 'पैसेवाटपाचा संशय, कार्यकर्त्यांना रोखले'. संशय हा शब्द घातला होता ना, मग झालं. ज्यांच्यावर आरोप त्यांचं म्हणणं शेवटच्या दोन ओळींत, 'आरोप फेटाळले'.

त्यानंतर चार दिवसांनी एका बाईंचा फोन आला. बचत गटातल्या. म्हणाल्या, ताई, आमच्याकडं हळदी-कुंकू झालं, साड्या वाटल्या, साडीच्या घडीत नोट होती. बाजू कुठली, तर माझ्या आवडीची. मी त्यांना काय काय विचारलं ते आज आठवलं तरी अंगावर येतं. फोटो आहे का? नोटेसह फोटो आहे का? अजून कोण बायका होत्या, त्या बोलतील का? तुम्ही निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार का नाही केली, शंभर मिनिटांत पथक येतं. भरारी पथकाला लेखी द्याल का? बाई म्हणाल्या, "ताई, माझं नाव नको हो, घरात कळलं तर मला दारात उभं करणार न्हाईत." मी म्हटलं, मग माझे हात बांधलेले आहेत. फोन ठेवला आणि मला चक्क बरं वाटलं, आपण कसं नियमानं वागलो म्हणून.

आमच्याकडं तेव्हा गडहिंग्लजकडची एक पोरगी नवीन लागली होती. तिच्यापुढंच हा फोन झाला. रात्री साडेअकराला पान छपाईला सोडून मी पिशवी भरायला घेतली आणि ही आली, हातात चार दिवसांपूर्वीच्या अंकाचं पान आणि एक कागद. कागदावर तिनं माझे बाईंना विचारलेले प्रश्न लिहून काढले होते, सात होते. दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "मॅडम, ह्या बातमीला आपण यातलं काय काय विचारलं होतं?"

बास, एवढंच. आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच शिकायचं होतं. मी ट्यूबलाइटखाली ते दोन कागद बघत राहिले आणि मला आण्णांची बंडी आठवली.

दोन्ही निर्णय सुटे सुटे घ्या, एकातही खोट काढता येत नाही. पहिलीत मी 'संशय' लिहिलं होतं, दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेतलं होतं. दुसरीत पुरावा नव्हता म्हणून थांबले. पत्रकारितेच्या कुठल्याही वर्गात दोन्हीला मार्क मिळतील. शेजारी ठेवल्यावरच कळतं की एका बाजूच्या ट्रॉलीला मी बॅगेच्या सावलीवर पावती फाडली आणि दुसऱ्या बाजूची ट्रॉली सात वेळा मागं-पुढं करायला लावून रिकामी परत पाठवली. आणि मला कुणी शपथ घालून विचारलं असतं तर मी घेतली असती, काटा बरोबर आहे म्हणून. आमच्या ऑफिसात निवडणुकीच्या दिवसांत कुठल्या उमेदवाराला किती कॉलम सेंटीमीटर गेले ते फूटपट्टीनं मोजून ठेवतात, त्या आठवड्याचा हिशोब बघितला होता मी, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. जागा मोजायला पट्टी आहे, पुरावा मोजायला कुठली?

दुसऱ्या दिवशी त्या बाईंना फोन केला. त्यांनी नंबर ओळखून कट केला. मग परत उचललाच नाही.

या सगळ्यात मला आमच्याच गावाची एक जुनी गोष्ट सारखी डोक्यात येते, शाळेत आपण ती फक्त तुरुंगवासाची गोष्ट म्हणून शिकतो. १८८२. केसरी आणि मराठा निघून दीडच वर्षं झालं होतं. कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज, विशीच्या आतबाहेरचे, आणि बातम्या येत होत्या की त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चाललाय, कारभारी माधवराव बर्वे त्यात आहेत. आगरकरांनी केसरीत आणि टिळकांनी मराठ्यात कडक लिहिलं. हाती पत्रं होती ना, बर्व्यांच्या नावची, ती वाचून कुणाचंही रक्त तापलं असतं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली तरी शिक्षा झालीच, चार महिन्यांची, त्यातले १०१ दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. जेमतेम सव्वीस वर्षांचे होते दोघं.

जामिनाचे दहा हजार कुणी उभे केले, तर जोतीराव फुल्यांच्या गोटातल्या रामशेठ उरवण्यांनी. टिळकांचं आणि सत्यशोधकांचं किती पटायचं ते आपल्याला माहीत आहे. आज असं कुणी कुणाला सोडवायला जाईल का, मला शंका आहे, पण ते असो.

मला जे टोचतं ते पुढचंच आहे. पत्रं खोटी होती, खटला संपला, आणि १८८३ च्या डिसेंबरात, नाताळच्या दिवशी, तोच महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मेला. म्हणजे ज्या पोराच्या काळजीनं या दोघांनी लिहिलं ती काळजी खोटी नव्हती. कागद खोटे होते. त्यांना ती गोष्ट खरी वाटत होती, मनापासनं वाटत होती, म्हणूनच कागद हातात आल्यावर तो उजेडात धरून बघायचं राहून गेलं असणार. माझ्या अकरा सेकंदांच्या व्हिडिओसारखंच की. (मी स्वतःला टिळक-आगरकरांच्या रांगेत बसवायलीय असं कुणी कमेंटमध्ये लिहू नका, चुकांच्या रांगेत बसवायलीय.)

आता क्लिपचं सांगते. ही वेगळी निवडणूक, त्या पोरीच्या प्रश्नानंतरची. प्रचार संपलेला, मतदानाआधीचे ते ४८ तास. त्या वेळात सभा बंद, पण मोबाइल कुठं बंद असतात, खरा प्रचार तेव्हाच सुरू होतो. रात्री एकानं ऑडिओ क्लिप आणून दिली, बावन्न सेकंदांची. नकोशा बाजूचा एक नेता बंद खोलीत आपल्या माणसांना सांगतोय, अमुक समाजाच्या वस्तीचं निवडून आल्यावर काय करायचं ते. शब्द इथं लिहीत नाही. आवाज त्याचाच. लकब तीच, वाक्याच्या शेवटी "काय?" म्हणायची सवय तीच.

मी हेडफोन लावून ऐकली. सात-आठ वेळा ऐकली असेल. पहिल्यांदा ऐकताना रागानं हात थरथरत होता, पाचव्यांदा ऐकताना लक्षात आलं की मागं पंख्याची घरघर आहे आणि मध्येच एका ठिकाणी ती तुटते, दोनेक सेकंद एकदम सुन्न, मग परत घरघर. कापून जोडलं असेल, किंवा फोन हातानं झाकला गेला असेल. किंवा अख्खाच आवाज बनवलेला असेल, हल्ली ते घरबसल्या होतं. नेत्याचा फोन बंद. त्यांच्या माणसानं उचलला, म्हणाला, "न्हाई ओ म्याडम, सायबांचा आवाज न्हाई, एआय हाय ते." हेही आता सोपं झालंय, खऱ्या आवाजालाही एआय म्हणून मोकळं व्हायचं.

डेस्कवर सुचवलं गेलं की आपण नेहमीची ओळ टाकून लावू, 'या क्लिपची सत्यता आम्ही पडताळलेली नाही'. ही ओळ कुणी शोधून काढली माहीत नाही पण त्याला नमस्कार आहे. मिसळवाल्यानं ताट पुढ्यात ठेवून सांगावं, रस्सा आंबलाय का बघितलं नाही, खावा तुम्ही. मी नको म्हटलं. आणि तेव्हा मला नक्की कळत नव्हतं की मी नको का म्हणतेय. पंख्याची घरघर तुटते म्हणून? का मागच्या वेळी जळाल्यामुळं आता नकोशा बाजूला जरा जास्तच माप घालायलीय, म्हणून? दुकानदार एकदा पकडला गेला की पुढची आठ दिवस प्रत्येकाला मूठभर जास्त देतो तसं. तेही बरोबर वजन नव्हेच.

क्लिप आम्ही लावली नाही. सकाळपर्यंत ती सगळ्या ग्रुपवर होती, दोन-तीन पोर्टलनी ती नेहमीची ओळ घालून चालवली. दुपारपर्यंत मला तेरा मेसेज, त्यातले निम्मे 'पाकीट पोचलं का' या अर्थाचे, आणि बाई असल्यामुळं जे खास मेसेज येतात ते वेगळे, त्यांच्यावर लिहून त्यांना मोठं करत नाही.

लागलं ते एकाच गोष्टीचं. ज्या वस्तीबद्दल क्लिपमध्ये बोललं होतं तिथला एक पोरगा माझ्या ओळखीचा, गॅरेजमध्ये काम करतो, माझी स्कूटर तोच बघतो. मतदानानंतर दोन दिवसांनी गाडी न्यायला गेले तर नेहमीसारखं "बसा ताई" म्हणाला नाही. पैसे घेतले, सुट्टे दिले, मग म्हणाला, "तुम्ही ऐकलं होतं न्हवं ते?" मी म्हटलं होय. "मग आमच्याबद्दल होतं म्हणून छापलं न्हाई काय?" मी त्याला पंख्याचं सांगितलं. घरघर कशी तुटते ते सांगितलं. तो स्पार्क प्लग पुसत ऐकत होता. म्हणाला, "ताई, आमच्या घरात चार दिवस कोण झोपलं न्हाई. पंख्याचं काय घेऊन बसलाय." मी "येतो" म्हणून निघाले. आम्ही कोल्हापूरच्या बायका येतो-जातोच म्हणतो, पुण्याची माणसं हसतात त्याला. तो नेहमी "या" म्हणतो, त्या दिवशी नाही म्हणाला.

त्याला काय सांगायचं होतं मी? नोंद ठेवलीय की मी तुझ्या भीतीची. पण मला छापता येणारी गोष्ट हीच होती खरं तर, त्या वस्तीतली चार रात्रींची झोप. क्लिप खरी का खोटी याचा निकाल लागो न लागो, माणसं जागी होती हे खरं होतं, त्याला पंखा आडवा येत नव्हता. मी तिकडं गेलेच नाही. क्लिप वजनात बसत नाही म्हटल्यावर मी सगळी ट्रॉलीच परत पाठवली. १८८२ च्या खटल्यानंतरही कोल्हापूरच्या त्या पोराकडं कुणी किती बघितलं असेल, असं मनात येऊन जातं.

गडहिंग्लजची पोरगी आता दुसरीकडं गेलीय, पगार बरा मिळाला. तिचा तो सात प्रश्नांचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. निवडणूक लागली की काढते. नकोशा बाजूवर बातमी आली की ते प्रश्न मोठ्यानं वाचायचे असं ठरवलंय, हव्याशा बाजूवर आली की कागद बघायचाच नाही कारण तेव्हा प्रश्न आपोआप सुचतात. नावं अदलून-बदलून कॉपी वाचायची युक्तीही करून बघितली, ती नेहमी चालत नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे, पोलीस आहेत, त्याचं एक वाक्य आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्याचं तेच वाक्य, दोन्हीचं वजन एक कसं धरायचं? तिथं मी अजून अडकते. डेस्कवर रोज अडकतो आम्ही, आणि पान मात्र बाराला सोडायलाच लागतं.

मागच्या महिन्यात गावी गेले होते. आण्णा आता थकलेत, रान वाट्यानं दिलंय, काट्यावर जात नाहीत. दुपारी सोप्यात बसलो होतो. जुना फोन पोरांना खेळायला म्हणून चार्ज केला होता, त्यात ती क्लिप निघाली. मी आण्णांना ऐकवली, कोणाची ते न सांगता. त्यांनी फोन कानाला घट्ट धरला, डोळे मिटून सगळी बावन्न सेकंद ऐकली.

"त्याचाच हाय की ह्यो आवाज."

"हाय का वाटतोय?"

"वाटतोय."

"मग हाय का म्हणालासा?"

आण्णांनी फोन परत दिला आणि माझ्याकडं बघून हसले. "आता मला काट्यावर बसिवतीस व्हय गं," म्हणाले, आणि आत आवाज दिला, चहा ठेवा म्हणून.